पहिली होळी टेंभरीपाड्याची

धडगावच्या पुढे डांबरी रस्ता संपतो आणि डोंगर सुरू होतात, तिथे पाच गावं एकमेकांच्या हाकेच्या टप्प्यात वसली आहेत. कोठारबारी त्यातलं सगळ्यात मोठं. शाळा तिथे, दवाखाना तिथे, पंचायतीची पक्की इमारतही तिथेच. मग पिपळदरी, काकडमाळ, सिंदीदर अशी उतरती भाजणी. आणि सगळ्यात शेवटी, नाल्यापलीकडच्या टेकाडावर टेंभरीपाडा. घरं म्हणाल तर वीसेक. सरकारदरबारी ते गावही नाही, कोठारबारीची एक वस्ती आहे.

होळीच्या दिवसांत मात्र ही उतरंड उलटी होते. या पाच गावांची होळी एका दिवशी पेटत नाही. रोज एका गावाची. पहिली टेंभरीपाड्याची, मग सिंदीदरची, असं करत शेवटची कोठारबारीची. ज्या गावची होळी ते यजमान, बाकीची चार गावं पाहुणी. लहानाला पहिला मान का, याचं उत्तर म्हातारी माणसं सरळ देत. मोठ्या गावात आधी नाचून, जेवून, दमून झाल्यावर वीस घरांच्या पाड्यावर नाला ओलांडून कोण कशाला येईल? म्हणून आधी लहानाघरी जायचं, पाय ताजे असताना.

कालीबाईला ही रीत दुसऱ्या एका कारणाने जिवाभावाची होती. ती कोठारबारीची लेक, टेंभरीपाड्याची सून. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, पण पाचव्या दिवशी ती पाड्यावरच्या ढोलामागे नाचत माहेरी जायची, तेव्हा भावजया तिच्या हातावर गूळ-दाळ्या ठेवायच्या आणि "पाहुणी आली" म्हणायच्या. वर्षातून एकदाच कानावर पडणारा तो शब्द. पाड्यावरच्या जवळजवळ प्रत्येक बाईचं माहेर उरलेल्या चार गावांत होतं. प्रत्येकीचा एक दिवस ठरलेला होता.

कालीबाईचा नवरा गावचा पुजारा होता. पाची गावांतली पहिली होळी पेटवायचा हक्क त्याचा. गेल्या पावसाळ्यात तो गेला आणि हक्क मुलाकडे, सुकलालकडे आला. होळीआधी पुजाऱ्याला पाळणी करावी लागते. पायात वहाण घालायची नाही, खाटेवर बसायचं नाही, बायकोपासून लांब, जमिनीवर झोपायचं. सुकलाल पहिल्यांदाच पाळणी धरत होता आणि मनापासून धरत होता. टाचांना भेगा पडल्या तरी तक्रार नव्हती.

अशातच एक दिवस वीरसिंग आला. तो कालीबाईच्या भावाचा मुलगा, कोठारबारीचा सरपंच. लोणखेड्याच्या कॉलेजात शिकलेला, हुशार, कामसू. तिला तो फुई म्हणे, आणि फुईच्या घरी रिकाम्या हाताने कधी येत नसे. त्या दिवशी त्याने फळं आणली होती आणि सोबत ट्रॉलीतून प्लास्टिकच्या खुर्च्याही आणल्या होत्या, सभेसाठी. ट्रॉली नाल्याशी अडली, तेव्हा खुर्च्या डोक्यावरून आल्या. सगळे बसले. सुकलाल तेवढा जमिनीवर.

"तू वर बस की," वीरसिंग म्हणाला.

"पाळणी आहे."

"खुर्ची म्हणजे खाट नव्हे."

"चार पाय दोन्हींना आहेत," कोपऱ्यातून म्हातारा दलसिंग म्हणाला. पाड्यावरचा मोठा ढोल तो वाजवायचा. सगळे हसले, वीरसिंगही हसला, आणि मग त्याने मनातलं काढलं.

यंदा पाची गावांची मिळून एकच होळी करायची. कोठारबारीच्या मैदानावर मंच, दिवे, मंडप. जिल्ह्यातून मोठी माणसं येणार, त्यांनी संध्याकाळ दिली आहे. दिवस टेंभरीपाड्याचाच, पहिला. मान पाड्याचाच, होळी सुकलाल पेटवणार, मंचासमोर, सगळ्यांच्या देखत. फक्त जागा कोठारबारीची. आणि मोठी माणसं खूश झाली, की त्यांच्याकडून नाल्यावरचा पूल आणि पाड्यापर्यंतचा रस्ता मागून घ्यायचा. हे सगळं तो पोटतिडकीने सांगत होता. पावसाळ्यात बाळंतिणीला झोळीत घालून नाला ओलांडावा लागतो, हे त्याने स्वतः खांदा देऊन पाहिलेलं होतं.

पुरुषांनी माना डोलावल्या. रस्ता कोणाला नको होता? सुकलालला तर मंचासमोर मशाल धरलेला तो स्वतःच दिसत असावा, कारण त्याचा चेहरा उजळला होता.

कालीबाई दाराशी उभी राहून ऐकत होती. तिने एकच विचारलं. "मग बाकीचे चार दिवस?"

"ते कशाला लागतात, फुई? एकदाच सगळे भेटतात."

"सगळे यजमान झाले, तर पाहुणं कोण?"

वीरसिंगने मंचावर बसणाऱ्या मोठ्या माणसांची नावं घेतली. ते पाहुणे. कालीबाईने मान हलवली आणि आत जाऊन चुलीतला जाळ मागे ओढला. भाकरी करपायला लागली होती.

त्या रात्री मायलेकांचं बोलणं झालं, ते फार लांबलं नाही. सुकलाल म्हणाला, मान आपलाच राहतोय, जागा बदलली तर काय बिघडलं. ती म्हणाली, आज जागा बदलली, पुढच्या वर्षी दिवस बदलेल, त्याच्या पुढच्या वर्षी पुजारा. तेव्हा टेंभरीपाडा नावाचं काही होतं हे कोणाला आठवायचं? गाव कशाने गाव असतं? पंचायतीची इमारत आपल्याकडे नाही, शाळा नाही. एक दिवस आहे, ज्या दिवशी चार गावं आपल्या दारात येतात. तो दिला की आपण वस्ती.

सुकलाल म्हणाला, "गावानं ठरवलंय, आय."

"गावानं नाही. खुर्च्यांनी."

होळीच्या आधीचा भोंगऱ्या बाजार आला. वर्षातला सगळ्यात मोठा आठवडे बाजार तो. अख्खा डोंगर खाली उतरतो, ढोल घुमतात, आणि प्रत्येक गाव आपल्या होळीचा दिवस दुसऱ्या गावांना तोंडाने सांगतं. यंदा बाजाराच्या तोंडाशीच वीरसिंगचा मोठा फलक लागला होता. एकच दिवस, एकच मैदान.

कालीबाई शौकतभाईच्या दुकानापाशी थांबली. तो शहाद्याचा. वडिलांपासून दुकान याच जागी लागायचं. घुंगरं, मोरपिसं, साखरेच्या गाठ्यांचे हार. बायांच्या घोळक्यात त्याचे डोळे तिच्याकडे गेले, आणि त्याने यंदाच्या होळीचा दिवस विचारला.

"काली बहिन, औंदा तुम्हनी होळी कवय शे? फलकवर त कोठारबारीनं नाव लिखेल शे."

"फलक लावणाऱ्याची तिकडे असेल. आमची आमच्या दिवशी, आमच्या जागी."

शौकतभाईने हार गुंडाळता गुंडाळता तिच्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. "मंग मी येसू," तो म्हणाला.

त्या दिवशी कालीबाई बाजारात फिरफिर फिरली. सिंदीदरच्या बाया भेटल्या, काकडमाळच्या भेटल्या, माहेरच्या भावजया भेटल्या. फलकाबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. फक्त दरवर्षीसारखं प्रत्येकीच्या हातावर चिमूटभर गूळ ठेवला आणि दरवर्षीसारखंच म्हणाली, "पहिली टेंभरीपाड्याची. या." हातावरचा गूळ खाल्ला की यायचं कबूल केलं, अशी रीत. कोणी खाल्ला, कोणी फलकाकडे बघत मूठ मिटून घेतली.

होळीच्या दिवशी सकाळीच पुरुष जंगलात गेले. होळीचा दांडा म्हणजे उंचच उंच बांबू. तो निवडायचा, पुजायचा, तोडायचा, आणि एकदा तोडला की खड्ड्यात उभा राहीपर्यंत तो जमिनीला टेकता कामा नये. वाटेत कोणी दमलं, तर दुसऱ्याचा खांदा त्याखाली येतो. दांडा खाली येत नाही. ठरलं असं होतं, की जंगलातून पाड्यावरून नाल्यापर्यंत खांद्यावर आणायचा आणि तिथून कोठारबारीच्या मैदानावर न्यायचा. तिथला खड्डा आदल्या दिवशीच जेसीबीने खणून ठेवला होता.

पुरुषांची पाठ वळली तशी कालीबाई पाड्याच्या मधल्या मोकळ्या जागेत आली. पिढ्यान्‌पिढ्यांची होळीची जागा ती. गेल्या वर्षीच्या राखेचा काळपट डाग अजून मातीत होता. ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी माती उकरायला लागली.

होळीचा खड्डा हातानेच खणायचा असतो. कुदळ नाही, पहार नाही. पण तो पुरुष खणत आले होते. कालीबाईची सून कामिनी पाणी भरून येत होती, ती हंडा कमरेवर तसाच ठेवून उभी राहिली.

"आय, हे बायांनी करायचं नसतं ना?"

"कोण म्हणालं?"

कामिनीने आठवून पाहिलं. कोणी म्हटल्याचं तिला आठवेना.

"कोणी विचारलंच नव्हतं," कालीबाई म्हणाली. "तुझं माहेर कुठलं?"

"काकडमाळ."

"तिसऱ्या दिवशी पाहुणी म्हणून जायचंय ना तुला?"

कामिनीने हंडा खाली ठेवला. मग शेजारच्या घरातून एक बाई आली, मागून तिची जाऊ. कोणी सिंदीदरची लेक, कोणी पिपळदरीची. माती कोरडी होती, वरचा थर नखांखाली टोचत होता. खाली ओलसर लागली तसं काम सोपं झालं. एकीने गाणं धरलं, दुसरीने त्यात वीरसिंगच्या खुर्च्या घातल्या, आणि हसता हसता बायांच्या हातातली माती सांडली. उन्हं कलायला लागली, तेव्हा खड्डा कालीबाईच्या कमरेइतका झाला होता.

खड्ड्याची आणखी एक रीत पाची गावांना ठाऊक होती. होळीचा खणलेला खड्डा रिकामा ठेवायचा नाही. रिकामा खड्डा गाव गिळतो म्हणतात. आणि दांडा खड्डा ओलांडून पुढे न्यायचा नाही. कालीबाईचा नवरा नेहमी पिपळदरीची गोष्ट सांगायचा. एके वर्षी तिथे खड्डा झाला आणि ऐन वेळी दांडा चिरला. दुसरा आणेपर्यंत गावची माणसं पाळीपाळीने त्या खड्ड्यात उभी राहिली. एकाला तर तिथेच उभ्या उभ्या जेवू घातलं. ही गोष्ट सांगताना तो पोट धरून हसायचा.

डोंगरावरून ढोल ऐकू आला. दांडा येत होता. कालीबाई खड्ड्यात उतरली आणि उभी राहिली.

आधी दलसिंगचा ढोल वळणावर दिसला, मग सुकलाल, मग खांद्याखांद्यावरून झुलत येणारा तो लांबलचक हिरवा बांबू. मोकळ्या जागेपाशी आल्यावर ढोल थांबला. दांडा थांबला. पुरुषांनी खड्डा पाहिला, खड्ड्यातली पुजाऱ्याची विधवा पाहिली, आणि भोवती मातीने हात माखलेल्या आपल्या बाया पाहिल्या. दांड्याच्या भाराने खांदे मात्र बदलत राहिले.

नाल्याकडून वीरसिंग धावत आला. मैदानावर मोठी माणसं येऊन बसली होती, त्याचा फोन सारखा वाजत होता.

"फुई, हे काय मांडलंयस?"

"होळी."

"खड्डा तिकडे तयार आहे."

"तो हातांनी खणलेला नाही. हा आहे."

वीरसिंग पुरुषांकडे वळून म्हणाला, मागच्या बाजूने, नाल्याच्या काठाने न्या. दोघांनी पाय उचललेही. दलसिंग ढोलावर हात ठेवून जागेवरच उभा होता. "दांड्यानं खड्डा बघितला," तो म्हणाला. "आता मागून न्या नाहीतर पुढून न्या, ओलांडणंच झालं." उचललेले पाय पुन्हा खाली आले.

"मग बुजवून टाका खड्डा," वीरसिंग म्हणाला.

"बुजवा," कालीबाई म्हणाली. "मी आतच आहे."

कोणीतरी खुदकन हसलं. वीरसिंगला हसू आलं नाही. तो खड्ड्याच्या काठाशी उकिडवा बसला आणि हळू आवाजात बोलायला लागला. आवाजात राग नव्हता, काकुळती होती. तिकडे बसलेली माणसं एकदा उठून गेली की पुन्हा यायची नाहीत. पूल गेला, रस्ता गेला. पावसाळ्यात पुन्हा झोळी. हे पाप कोणाच्या माथी?

कालीबाईने त्याचं सगळं ऐकून घेतलं. तो खोटं बोलत नव्हता, हे तिला माहीत होतं. तिलाही तिच्या थोरल्या लेकीच्या वेळची झोळी आठवत होती.

"त्यांना इकडे आण," ती म्हणाली. "नाल्यातून चालत येऊ दे. बूट भिजले की रस्ता आपोआप आठवेल. रस्ता आम्हाला हवाच आहे, वीरसिंग. मागायला मी येईन, आम्ही सगळे येऊ, ढोल घेऊन येऊ, दिला नाही तर दारात बसू. पण होळी देऊन रस्ता नाही घेणार. ज्या गावाला आपली होळी नाही, तिथे जायला रस्ता कशाला लागतो?"

वीरसिंग उठला आणि सुकलालकडे बघायला लागला. सगळेच सुकलालकडे बघायला लागले. पुजारा तो होता. त्याने सांगितलं असतं, तर बायांनी आईला हात धरून वर काढलं असतं आणि माती ढकलली असती.

सुकलालचा खांदा सोलपटला होता. सकाळपासून पोटात अन्न नव्हतं. मंच, दिवे, मशाल हे सगळं नाल्यापलीकडे त्याची वाट बघत होतं, आणि त्याला ते हवं होतं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. त्याने आईच्या हातांकडे पाहिलं. नखं तुटली होती, दोन बोटांमधून रक्त येऊन मातीत वाळलं होतं. दरवर्षी खड्डा खणून झाला की त्याच्या बापाचे हात असेच दिसायचे.

तो दोन पावलं पुढे आला. "आय, बाहेर निघ."

कालीबाई हलली नाही.

"निघ," तो पुन्हा म्हणाला. "दांडा यायचाय."

मग जे झालं ते भराभर झालं. कामिनीने सासूला हात दिला. ती वर आली न आली तोच दांड्याचं बूड खड्ड्यात गेलं, खांद्यांनी तो रेटला, दोऱ्यांनी तोलला, आणि बांबूचा शेंडा घरांच्या वर, टेंभुर्णीच्या झाडांच्याही वर उभा राहिला. बायांनी हातांनीच माती लोटली. लाकडं रचली गेली.

वीरसिंग फोन कानाला लावून नाल्याकडे निघून गेला होता.

सूर्य डोंगराला टेकला, तेव्हा दलसिंगने ढोलावर पहिली थाप टाकली. पाड्यावरची माणसं नाचायला उभी राहिली, पण नजरा वाटेवर होत्या. वाट रिकामी होती. पाहुण्यांवाचून होळी पेटवायची वेळ पाड्यावर कधीच आली नव्हती. सुकलालने मशाल हातात घेतली आणि आईकडे पाहिलं. तिने हातानेच थांब म्हटलं. दलसिंग वाजवत राहिला. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

मग सिंदीदरच्या खिंडीतून एक ढोल बोलला. बारीक, लांबून. दलसिंगने हात रोखून कान दिला, हसला, आणि दुप्पट जोराने वाजवायला लागला. काकडमाळच्या उतारावर माणसांची रांग दिसली, तिच्यामागे पिपळदरीची. डोक्यावर मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरं, पुढे बाया. भोंगऱ्यात मूठ मिटून घेतलेल्याही त्यांत होत्या. आणि सगळ्यांत शेवटी नाल्याकडून कोठारबारी आली. मैदानावर मंच होता, दिवे होते, पण दांडाच नव्हता. ढोल इकडे वाजत होता, म्हणून लोक इकडे निघाले. मोठ्या माणसांच्या बहुतेक गाड्या माघारी गेल्या. दोघं-तिघं मात्र पायजमे वर खोचून, बूट हातात धरून, दगडांवरून घसरत घसरत आले. त्यांच्यामागे शौकतभाई होता, खांद्यावर हारांची पिशवी घेऊन. नाल्यात घसरलेल्या एकाला त्यानेच हात दिला होता.

सुकलालने होळी पेटवली. मंचाचे दिवे असते, तर तो उजेड एवढा लांब दिसला नसता.

वीरसिंग सगळ्यांनंतर आला, एकटा. जाळापासून लांब, गर्दीच्या कडेला उभा राहिला. कालीबाईने त्याला पाहिलं. तिने ओच्यातल्या गूळ-दाळ्या मुठीत घेतल्या, गर्दीतून वाट काढत त्याच्यापाशी गेली आणि मूठ पुढे केली. तिचा हात फडक्याने गुंडाळलेला होता.

"घे. पाहुणा आहेस."

त्याने बराच वेळ हात पुढे केला नाही. "रस्ता गेला, फुई."

"आला कधी होता?"

त्याने गूळ घेतला. तोंडात टाकला नाही, पण टाकूनही दिला नाही. दोघं जाळाकडे बघत उभी राहिली. दांड्याचा शेंडा आता डोलायला लागला होता.

"पाचव्या दिवशी येते मी," कालीबाई म्हणाली. "माहेरी. सगळा पाडा घेऊन. तिथला जेसीबीचा खड्डा आधी बुजवा. नवा खणा." आणि जायला वळता वळता तिने त्याच्या मऊ, स्वच्छ बोटांकडे बोट दाखवलं. "हातांनी. सकाळी लवकर सुरू करा. वेळ लागतो."